मास्तरांचे चोरखिसे

आमच्या व्याह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेचे मास्तर नव्हेत, कपड्यांचे. शाळेच्या मास्तरांना पोरं घाबरतात, आमच्या मास्तरांना मोठी माणसं घाबरतात. कारण दुकानात पाऊल टाकलं की ते आधी तुमच्या हातांकडे बघतात, मग चपलांकडे, आणि अगदी शेवटी तोंडाकडे. "या" म्हणायच्या आत त्यांनी तुमचा पंचनामा उरकलेला असतो.

त्यांचं दुकान म्हणजे गल्लीच्या वळणावरची एक चिंचोळी खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा. आरसा गिऱ्हाइकांसाठी असतो असा माझा समज होता, पण मास्तरांनी तो असा तिरका लावलाय की मशीनवर बसून दाराकडे पाठ असली तरी दार दिसावं. कात्री टेबलाच्या पायाला दोरीने बांधलेली. कपडे घालून बघायच्या कोपऱ्याचा पडदा गुडघ्यापर्यंतच, म्हणजे आतल्या माणसाचे पाय आहेत तिथेच आहेत ना, ते कळतं. चहावाला चहा ठेवून गेला की तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मास्तर त्याच्या पाठीकडे बघत बसतात. चहा निवतो. मग निवलेल्या चहाचाही त्यांना संशय येतो, की सकाळचाच असणार.

आमच्या विहीणबाई म्हणतात, "लग्नाचा फोटो बघा एकदा. सगळे समोर बघतायत, आणि हे फोटोवाल्याच्या पिशवीकडे."

मी तो फोटो पाहिलाय. खरं आहे.

हा संशय त्यांना उपजत नव्हता बरं. तरुणपणी, नुकतं काम शिकत होते तेव्हाची गोष्ट, त्यांनीच मला सांगितलेली. बसमध्ये कुणीतरी त्यांचा खिसा कापला. घरी येऊन बघतात तर काय, पाकीट गेलेलं आणि खिशाला खालून काप. दुसरा कुणी असता तर रडला असता. हे उजेडात खिसा धरून बघत बसले. "व्याही, काय काप होता!" ते अजून सांगतात. "सुताच्या रेषेत. एक दोरा फिसकटला नव्हता. माझ्या उस्तादाला तसा काप येत नव्हता." त्या दिवसापासून त्यांची खात्री झाली की चोर हा आपल्यापेक्षा चांगला कारागीर असतो. आणि त्या दिवसापासून ते चोरखिसे शिवायला लागले.

चोरखिसा म्हणजे कपड्याच्या आत, अस्तराच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही असा खिसा. मास्तरांचा चोरखिसा डाव्या बगलेच्या जरा खाली. हात अंगासरशी असला की तो खिसा आपोआप झाकला जातो. मी त्यांना एकदा विचारलं, कुणाला उजवीकडे का नाही शिवत? तर म्हणाले, "उजवा हात कामाचा असतो, उचलावा लागतो. डावा बसून खातो."

तर आता आमची नात. माझ्या लेकीची लेक, त्यांच्या लेकाची लेक, म्हणजे अर्धी माझी, अर्धी त्यांची. लहानपणी मला गप्पाआजोबा म्हणायची आणि त्यांना कातरआजोबा. आता नोकरी करते, पण नावं तीच राहिली. हिला रेगेचं वेड. ते संगीत तुम्ही ऐकलंय का? मी आधी ऐकलं तेव्हा मला वाटलं, वादक चुकताहेत. जिथे आपण ठेका धरू तिथे ते गप्प, आणि मधल्या रिकाम्या जागेत झणकन तार छेडणार. शिवणाचं मशीन एका पायाने लंगडत चालवावं तसं. पण ऐकत राहिलं की मान आपली आपण हलायला लागते, थांबवता थांबत नाही. नदीकाठच्या मैदानावर त्याचे दुपारचे जलसे होतात. पोरं गवतावर नाचतात, डोळे मिटून, हात वर करून.

मास्तरांना एवढंच कळलं. "डोळे मिटून? हात वर करून? अगं, मग खिसा तरी कशाला कापायचा, नुसता उचलायचा!"

"म्हणून तर आलेय, कातरआजोबा," नात म्हणाली. "मागच्या वेळी खूप जणांचे फोन गेले. मला आणि मैत्रिणींना चोरखिसे करून द्या."

मास्तर खूश झाले. मास्तर खूश झाले की आणखी कडक होतात. त्यांनी पोरींना ओळीत उभं करून एकेकीच्या जाकिटाला खिसा शिवला आणि वर नियम सांगितले. स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत उभं राहायचं नाही, कडेला राहायचं. फोन काढून चित्रं घेत बसायचं नाही, काढलात की आख्ख्या मैदानाला जागा कळते. कुणी अंगावर पाणी सांडून पुसायला आलं की आधी आपला खिसा धरायचा, मग अंग पुसायचं. मैदानातून बस थांब्याकडे जाणारा झाडीतला रस्ता आहे, तिथे पिशव्या हिसकावतात, म्हणून सगळ्यांनी मिळून मोठ्या रस्त्यानेच यायचं. आणि कुणी फार गोड बोललं तर...

"तर काय?" एका पोरीने विचारलं.

"तर घरी यायचं," मास्तर म्हणाले.

पोरी गेल्या. पोरी आल्या. सगळ्यांचे चोरखिसे रिकामे.

त्यातली खोच ऐका. बाजूच्या पोरांची पाकिटं मागच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता. गेलं ते फक्त लपवलेलं. आता गल्ली ती गल्ली. समोर इस्त्रीवाला आहे, त्याचं तोंड त्याच्या इस्त्रीपेक्षा गरम. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागला, "खिसे शिवले कुणी? मग ते कुठे आहेत, हे ठाऊक कुणाला?" पुढचं बोलायचा नाही. नुसता पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवायचा. फुस्स.

मास्तरांचं सगळं आयुष्य जगावर संशय घेण्यात गेलं. जगाने त्यांच्यावर घ्यायची ही पहिलीच खेप. त्यांना ते सोसेना. एका मैत्रिणीची आई बेकरीत काम करते, फटकळ पण मनाची चांगली बाई. ती आली आणि झग्यासाठी दिलेलं कापड, अजून कात्री न लागलेलं, घडी करून पिशवीत घालून घेऊन गेली. मास्तर मला म्हणाले, "व्याही, बिघडलेला कपडा परत आणला तर मी उसवून शिवीन. न शिवलेलं कापड परत नेलं, त्याला मी काय करू?"

मशीन बंद पडायला लागलं. मग मास्तरांनी तपास हाती घेतला. आधी इस्त्रीवाला. त्याने मध्यंतरी तक्रार केली होती, "मास्तर, तुमच्या पोरींच्या जाकिटांना खडू राहतो, मला झटकावा लागतो." मास्तर भडकले होते. "माझ्या दुकानातून खडू लागलेला कपडा बाहेर जात नाही!" आणि ते खरं आहे. मापाची खूण पुसल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला उंबरा ओलांडू देत नाहीत. रस्त्यात अनोळखी माणसाच्या पाठीला खडू दिसला तरी झटकतात. म्हणून त्यांनी ठरवलं की इस्त्रीवाला खोटं बोलतो, म्हणजे चोर तोच. मग त्यांना आठवलं की एक कोटवाला माणूस चोरखिसा कसा असतो ते विचारून गेला होता, म्हणजे चोर तो. आणि मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे बघत बसले.

"काय हो?" मी म्हटलं.

"तुम्हाला गोष्टी सांगायची सवय आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा घ्या."

त्या दिवशीचा चहा मला कडू लागला. विहीणबाई आतून म्हणाल्या, "आता मी तेवढी राहिले. माझी झडती कधी घेताय?"

शेवटी मास्तर म्हणाले, पुढच्या जलशाला आपण स्वतः जायचं. आपण म्हणजे ते आणि मी. नातीने कपाळावर हात मारला. तिने एवढीच अट घातली की आम्ही तिच्यापासून लांब उभं राहायचं आणि कुणाला ओळख द्यायची नाही.

मास्तरांनी माझ्या बंडीला चोरखिसा शिवला. माझ्या चष्म्याचं घर त्यात घातलं, चोराला जाडजूड पाकीट वाटावं म्हणून. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांना शंका आली की व्याही वेंधळे आहेत, चष्मा पाडतील, आणि त्यांनी खिशाचं तोंडच शिवून टाकलं. दुहेरी टीप.

"अहो, मला वाचायचं झालं तर?"

"गाण्यात काय वाचायचंय? घरी आलात की उसवून देतो."

मैदानाच्या फाटकाशी रांग होती. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस एकेकाला चाचपून आत सोडत होता. फार लाघवी. "या आजोबा, या, हात जरा वर करा, झालं, झालं, पाय दुखतात का? उजवीकडे सावली आहे हां." पाठीवरून असा मायेने हात फिरवला की मला माझी आई आठवली. त्या दिवशी मास्तर इस्त्रीवाल्यापासून स्टेजवरच्या ढोलकवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघत होते, पण या माणसाकडे बघून त्यांनी मान डोलावली. "हा एक माणूस कामाचा. शिवण न् शिवण चाचपतो."

आम्ही नियमाप्रमाणे कडेला उभे राहिलो. नदीवरून वारा येत होता म्हणून मी स्वेटर खांद्यांवर टाकला. वाजवायला सुरुवात झाली आणि तो मोठा आवाज जमिनीतून वर आला, पायातून पोटात, पोटातून बंडीच्या अस्तरात. मी मास्तरांकडे बघितलं. तोंड तसंच आंबट, पण उजवा पाय खाली-वर होत होता. मशीनचं पायडल मारावं तसा. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर थांबवला असता.

मग मास्तर बाजूला नव्हते.

जरा पुढे दिसले. एका बाईच्या मागे उभे राहून त्यांनी तिच्या पाठीवरून अलगद हात फिरवला. तिथून ते एका टोपीवाल्या मुलाच्या मागे गेले, तिथेही तसंच. मग आणखी एकाच्या मागे. हा माणूस म्हातारपणी करतोय काय? मी हाका मारतोय, पण त्या आवाजात माझी हाक म्हणजे मुंगीची शिंक. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ए म्हातारबा, हात कुठे घालताय?" आणि दोघांनी मास्तरांना दंडाला धरलं.

मी धावलो. म्हणजे माझ्या परीने धावलो.

स्टेजच्या मागे एक तंबू होता. तिथे पहारेकऱ्यांची मुख्य, एक धिप्पाड बाई, गळ्यात शिट्टी. मी तिला मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणायला लागलो. तिने मास्तरांचे तळवे उलटे करून बघितले. बोटं पांढरी.

"हे काय?"

"खडू."

"खडू कशाला?"

"लोकांच्या कपड्यांना होता. मी पुसत होतो. मी टेलर आहे. मला बघवत नाही."

शिट्टीबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरं आहे बाई, हे रस्त्यातही पुसतात."

"बरं. दाखवा मला एक तरी खूण."

मास्तर म्हणाले, "दिसल्या तेवढ्या सगळ्या पुसल्या."

बाहेर गाणं लंगडत चाललेलं. आणि मी मास्तरांचा चेहरा उतरत जाताना पाहिला. घाबरून नव्हे. त्यांची बोटं हवेत हलत होती, जणू त्या सगळ्या पाठी पुन्हा चाचपत होती.

"खुणा," ते म्हणाले. "सगळ्या डावीकडे नव्हत्या. कुणाची कमरेशी, कुणाची मागे खाली. पण एकेका माणसाला एकच. लहान आडवी रेघ. आणि बाई, तो आमचा खडू नव्हे. आमचा साबणासारखा गुळगुळीत असतो. हा शाळेचा, भुरभुरीत." मग त्यांनी आपल्या पांढऱ्या हातांकडे बघितलं. "जिथे माल लपवलाय तिथे रेघ. आणि मी गाढव, पुसत गेलो."

"गोष्ट छान आहे," शिट्टीबाई म्हणाली. "पण खूण नाही आणि हात मात्र तुमचे पांढरे. मी काय समजायचं?"

"समजा जे गल्ली समजते ते," मास्तर म्हणाले आणि स्टुलावर बसले. एवढा ताठ माणूस, पण घडी मोडलेल्या कापडासारखा बसला. मला त्यांची एवढी दया आली, आणि तंबूत एवढं उकडत होतं, की मी खांद्यावरचा स्वेटर काढून त्यांना पाणी आणायला वळलो.

"आजोबा, हलू नका!" शिट्टीबाई म्हणाली.

मी होतो तसाच थांबलो. मास्तर उठले, माझ्या पाठीकडे बघितलं, आणि काय सांगू तुम्हाला, त्यांचा हात लगेच वर गेला. पुसायला! शिट्टीबाईने वरच्या वर मनगट पकडलं.

"आता पुसलात तर खरंच आत टाकीन."

माझ्या डाव्या बगलेखाली आडवी पांढरी रेघ होती. स्वेटरने झाकली होती म्हणून वाचली.

"आजोबा, आत आल्यापासून तुम्हाला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. म्हणजे, फाटकावरचा तो मुलगा तेवढा. फार गोड बोलला..."

बोलता बोलता माझंच बोलणं अडखळलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. कुणी फार गोड बोललं तर घरी यायचं, हा त्यांचाच नियम. आणि दिवसभरात त्यांनी एकाच माणसावर विश्वास टाकला, तोही नेमका त्याच्यावर.

शिट्टीबाईने दोन माणसं गुपचूप फाटकाकडे लावली. पण नुसत्या रेघेवर कुणाला धरता येत नाही म्हणाली. जो रेघ बघून येतो तो हवा. म्हणजे कुणीतरी रेघ घेऊन गर्दीत परत जायला हवं.

"खिसा माझा आहे, मी जातो," मास्तर म्हणाले.

"पण पाठ माझी आहे," मी म्हटलं.

तर मी गेलो. मास्तरांचे सगळे नियम मोडून, थेट स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत. भीती वाटत होती, पण गाणं असं होतं की भीतीसुद्धा ठेक्यात वाटायला लागली. आजूबाजूला सगळेच मला चोर दिसत होते. गॉगलवाला चोर, हसणारी बाई चोर, मुलाला खांद्यावर घेतलेला बाप तर पक्का चोर. फक्त एक जण मला बरा वाटला, माझ्या शेजारी डोळे मिटून नाचणारा, अगदी तल्लीन झालेला. मीही डोळे मिटले, हात वर केले. लांबून नातीचा आवाज आला, "गप्पाआजोबा? तुम्ही नाचताय?"

आणि बगलेशी बोटं आली. इतकी हलकी, की आधीपासून त्यांची वाट बघत नसतो तर वारा वाटला असता. बोटांनी अस्तर शोधलं, खिसा शोधला, खिशाचं तोंड शोधलं. तोंडच नव्हतं! बोटं थबकली. पुन्हा शोधलं. मग ओढलं. मग जोर लावून ओढलं. दुहेरी टीप ती, मास्तरांची. मी आख्खाच्या आख्खा तिकडे सरकलो.

मी डोळे उघडून म्हटलं, "अहो, माझ्याच्याने निघत नाही, तुमच्याने काय निघणार?"

त्या तल्लीन माणसाने डोळे उघडले. शिट्टी वाजली.

फाटकावरच्या त्या लाघवी मुलाने जाकीट टाकून झाडीतल्या रस्त्याने पळायचा प्रयत्न केला, पण माणसं आधीच तिथे होती. जाकिटाच्या खिशात शाळेच्या खडूचे तुकडे निघाले. फोन मात्र मिळाले नाहीत, ते केव्हाच कुठच्या कुठे गेले होते. नातीने ते मनाला लावून घेतलं नाही. तिला दुःख याचंच झालं की आम्ही ओळख दिली.

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाई गणवेशात आमच्या गल्लीत आली. मास्तरांनी तिला तशी गळ घातली होती. ती बरोबर इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर उभी राहिली आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमच्यामुळे चोर सापडले!" इस्त्रीवाल्याने कुणाच्या तरी शर्टावर इस्त्री तशीच ठेवून दिली. जळका वास सुटला. मास्तर दारात उभे राहून तो वास घेत होते, अत्तर असावं तसा.

संध्याकाळी बेकरीवाली आली. पिशवीतून कापड काढून टेबलावर ठेवलं. घडी तीच होती, उलगडलीसुद्धा नव्हती.

"मापं तीच आहेत," ती म्हणाली, खाली बघत.

"बेकरीत काम करणाऱ्याची मापं तीच राहत नाहीत," मास्तर म्हणाले आणि टेप काढला.

ती हसली. मास्तर हसले नाहीत. माप घेताना त्यांनी आरशात एकदा दाराकडे बघून घेतलं, मग दोरीने बांधलेली कात्री ओढून कापडावर ठेवली आणि कापायला लागले. त्या कात्रीचा आवाज ऐकून मला आतून बरं वाटलं.

आता मास्तर सगळ्यांना एकाच जागी खिसा शिवत नाहीत. कुणाला कुठे, कुणाला कुठे, आणि कुणाचा कुठे ते कुणाला सांगत नाहीत. परवा एक गिऱ्हाईक परत आलं, म्हणालं, मास्तर, मलाच सापडत नाहीये. मास्तर म्हणाले, "छान झालाय मग."

माझ्यावरचा त्यांचा संशय गेला का? ते मी विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी चहा होतो, मी उठतो, उंबऱ्याशी येतो, तेव्हा ते म्हणतात, "थांबा, वळा जरा." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून बघतात, कुणी काही रेघ ओढली नाही ना. मग म्हणतात, "जा. मोठ्या रस्त्याने जा."